गडगे, गायी आणि अटलांटिक: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सात दिवस

लेक डब्लिनला नोकरीला लागून तीन वर्षं झाली आणि दर फोनला तिचं एकच पालुपद, या ना इकडे, या ना. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये गेलो. पण आम्ही पोचलो आणि तिच्या ऑफिसात काहीतरी रिलीज का काय ते आलं, सुट्टी गेली, मग तिने परस्पर आम्हा दोघांना एका छोट्या ग्रुप टूरमध्ये टाकून दिलं. सात दिवस, सोळा सीटची व्हॅन, गाडी चालवणारा तोच गाईड. मी जरा कुरकुरले, कारण टूर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर छत्री वर धरून पळणारा मॅनेजर आणि 'चला चला वीस मिनिटं' असंच येतं. तसं काही निघालं नाही.

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे मी दर चार ओळींनी कोकण काढणार आहे आणि नवरा म्हणाला की लोकांना वॉर्निंग देऊन ठेव.

व्हिसाचं एवढंच की आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो तो गट) नाही, तुमच्याकडे शेंगेन व्हिसा असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. यूके पण जोडून करणार असाल तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम भारतीयांना लागू आहे, एका व्हिसावर दोन्ही होतं, त्याची चौकशी करा. प्लग यूकेसारखे तीन चौकोनी पिनांचे, पैसे मात्र युरो.

दिवस पहिला: डब्लिन ते इनिश मोर

सकाळी आठला व्हॅन आली. आम्ही धरून तेरा जण. चार अमेरिकन (त्यातले दोघं पणजोबांचं गाव शोधायला आलेले), सत्तरीच्या दोन ऑस्ट्रेलियन बहिणी, दोन जर्मन जोडपी, आणि कॅनडातल्या एक निवृत्त शिक्षिका, एकट्याच. गाईड साठीचा, पोट सुटलेलं, पांढऱ्या भरघोस भुवया, अगदी आमच्या नानाकाकांचा चेहरा. त्यामुळे आम्ही आपापसात त्याला नानाच म्हणायला लागलो आणि शेवटपर्यंत तो नानाच राहिला.

अडीच तासात गॉलवे. पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत देश एवढाच. तिथे पहिल्यांदा सीफूड चाउडर खाल्लं, म्हणजे माशांचं दाट पांढरं सूप, आत सामन, शिंपले, बटाटा, आणि बरोबर ब्राउन ब्रेड. या ब्रेडला यीस्ट लागत नाही, खायचा सोडा आणि ताक घालून करतात, जरा भरड, जरा गोडसर, त्यावर हाताला लागेल तेवढं लोणी. पुढचे सात दिवस मी जवळजवळ याच जेवणावर काढले आणि मला अजिबात कंटाळा आला नाही.

गॉलवेच्या पश्चिमेला गेलं की रस्त्याच्या पाट्यांवरून इंग्लिश गायब होतं. हा गेलताख्त, म्हणजे आयरिश भाषा रोजच्या बोलण्यात असलेला भाग. नाना गाडी चालवता चालवता समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवत होता. मला वाटलं ओळखीचे असतील. म्हटला नाही, इथे असंच, बोट नाही उचललं तर लोकांना वाटतं काय झालं याला.

आम्ही इंडियाचे कळल्यावर त्याने एकदम उत्तरेकडे हात केला, तिकडे कॉनेमारामध्ये तुमच्या राजाचा वाडा आहे म्हणे. आम्हाला वाटलं फेकतोय. तर खरंच, नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी, ज्यांच्या नावाची रणजी ट्रॉफी, त्यांनी १९२० च्या दशकात तिथलं बॅलिनाहिंच कॅसल विकत घेतलं होतं आणि १९३३ मध्ये वारेपर्यंत उन्हाळ्यात सामन मासे पकडायला इथे येऊन राहायचे. आता तिथे हॉटेल आहे. नवरा क्रिकेटवेडा, त्याचा जीव तळमळला पण टूरमध्ये ते नव्हतं.

रॉसावीलच्या धक्क्यावरून बोटीने चाळीस मिनिटं. व्हॅन इकडेच राहते. त्या चाळीस मिनिटांत ऑस्ट्रेलियन धाकट्या बहिणीची पार वाट लागली. बोट लागणाऱ्यांनी गोळी अर्धा तास आधीच घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन काही उपयोग नाही, आणि आत न बसता मागच्या डेकवर उभं राहून लांब किनाऱ्याकडे बघत राहा, हे मी दाभोळच्या खाडीत शिकले तेच अटलांटिकमध्ये चाललं.

इनिश म्हणजे बेट, मोर म्हणजे मोठं. आरन बेटं तीन, त्यातलं हे मोठं, साधारण १४ किलोमीटर लांब आणि वस्ती आठशेच्या आसपास. रात्री दहाला सूर्य बुडाला. आम्ही साडेदहाला बी अँड बीच्या (म्हणजे कोणाच्या तरी घरी राहणं आणि सकाळचा नाश्ता) ओट्यावर बसून संध्याकाळचा चहा पीत होतो.

दिवस दुसरा: इनिश मोर

सकाळच्या ब्रेकफास्टला ताटात काळ्या जाडसर चकत्या होत्या, तळलेल्या. नवरा म्हणाला कोथिंबीरवडी करपवली वाटतं, आणि खाल्ल्या दोन. नंतर कळलं ब्लॅक पुडिंग, डुकराचं रक्त आणि ओट. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला आपल्याकडे रक्ती असते की, आणि तिसरी घेतली. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, आणि 'व्हेजिटेरियन' एवढं न सांगता मांस नको, मासे नकोत असं फोड करून सांगा. अंडी, ब्रेड, सूप, बटाटा यावर आरामात निभतं. मसाल्याची पुडी जवळ असली तर उत्तम.

बेटावर फिरायला सायकल, घोडागाडी किंवा मिनीबस. मी चाळीस वर्षांनी सायकल चालवली. दुसऱ्या दिवशी बसता येत नव्हतं पण त्याबद्दल तक्रार नाही, कारण सायकलवर गेलं म्हणूनच ते गडगे बघता आले.

गडगे! दुसरा शब्दच नाही. आपल्याकडे बागेला जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे रचलेले गडगे असतात ना, चुना नाही सिमेंट नाही, तसेच, फक्त इथे अख्खं बेटच गडग्यांनी विणलेलं. खोलीएवढं शेत, गडगा, परत खोलीएवढं शेत, परत गडगा, समुद्रापर्यंत. मी एके ठिकाणी थांबून नीट बघितलं. दगड एकावर एक असे ठेवलेत की मधून आरपार पलीकडची गाय दिसते. नानाने सांगितलं ते मुद्दाम, वारा अडवला तर गडगा पडेल, वाऱ्याला वाट दिली की उभा राहतो. आणि फाटक कुठेच नाही. गाय आत न्यायची असेल तर तेवढ्या जागेचे दगड काढायचे, गाय आत घालायची, आणि दगड परत रचायचे. तिथला एक शेतकरी आमच्यासमोर हे करत होता. कुठला दगड आधी काढायचा हे त्याच्या हाताला माहीत होतं, बघतसुद्धा नव्हता, शेजाऱ्याशी गप्पा मारत होता. पाच-सात मिनिटांत वाट उघडून, तीन गायी आत जाऊन, वाट बंद. आमच्या घराच्या बेड्याचे वासे सरकवायलाही मला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शेतातली मातीसुद्धा केलेली आहे. बेट म्हणजे सगळा चुनखडीचा कातळ. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातलं शेवाळ आणि वाळू टोपल्यांनी वाहून आणून थरावर थर घातले, तेव्हा कुठे बटाटा लागला. आपल्याकडे कातळाला सुरुंग लावून खड्ड्यात माती भरून हापूसची कलमं लावतात, ते करणाऱ्या माणसाला हे बघून काय वाटेल असं मला सारखं येत होतं. माझे वडील असते तर त्यांनी सायकलवरून उतरून आधी ती माती चिमटीत घेतली असती.

दुपारी दून एंगस. हा किल्ला कड्याच्या अगदी टोकावर आहे, दगडी तटांची अर्धवर्तुळं एकात एक, आणि उरलेली बाजू म्हणजे सरळ खाली समुद्र. सगळ्यात जुना भाग इसवी सनापूर्वी ११०० च्या आसपासचा. बाहेरच्या बाजूला टोकदार दगड उभे रोवलेत, हजारोंनी, शत्रूला धावत येता येऊ नये म्हणून. कडा पंचवीस-तीस मजली बिल्डिंगएवढा आणि कठडा नाही. लोक पोटावर झोपून सरपटत टोकापर्यंत जाऊन खाली डोकावतात. मीही झोपले. खाली लाट फुटते ती दिसते आधी, आवाज नंतर येतो. नवऱ्याने माझे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले होते, लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर एवढी काळजी बघून बरं वाटलं. (नंतर म्हणाला पासपोर्ट तुझ्या पर्समध्ये होते.) लहान मुलं असतील तर हात सोडू नका, वारा असेल त्या दिवशी टोकाला जाऊच नका.

संध्याकाळी बी अँड बीच्या मावशी शेगडीपाशी विणत बसल्या होत्या. शेगडीत टर्फ जळत होता, दलदलीतून कापून वाळवलेली माती, विटेसारखी. वास शेणीच्या धुराचा आणि पहिल्या पावसाच्या मधला कुठलातरी. बेटावर टर्फ मिळत नाही, पूर्वी शिडाच्या होड्यांनी कॉनेमारातून यायचा. मी त्यांना आरन स्वेटरची ती प्रसिद्ध गोष्ट विचारली, की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असते आणि बुडालेल्या माणसाचं प्रेत त्यावरून ओळखतात. त्या हसल्या, ही गोष्ट दुकानात स्वेटरबरोबर फुकट मिळते म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला आकडे शिकवले. अ हेन, अ डो, अ ट्री, अ क्याहिर, अ कूग, अ शे, अ शॅख्त, अ हुख्त, अ नी, अ जेह. मी मराठीत म्हटले. शॅख्त-सात, हुख्त-आठ, नी-नऊ अशी जोडी लागायला लागल्यावर त्यांनी विणकाम खाली ठेवलं. तीन म्हणजे ट्री, आपलं त्रि. गाय म्हणजे बो, आपलं गो. राजा म्हणजे री. देव म्हणजे डिया, आणि ही ओढूनताणून लावलेली साम्यं नाहीत, शब्द खरोखर एकाच मुळाचे आहेत. भेटल्यावर नमस्कार म्हणून 'डिया ग्विच' म्हणतात, म्हणजे देव तुझ्यासोबत, त्याला उत्तर देताना 'देव आणि मेरी तुझ्यासोबत' असं एक वाढवून द्यायचं. आपल्या राम रामसारखंच, फक्त व्याज लावून. थँक्यू म्हणजे 'गुरा मा अगत', एवढं पाठ करून जा, बेटावर लोकांचे चेहरे खुलतात.

दिवस तिसरा: बरेन आणि मोहरचे कडे (म्हणजे धुकं)

सकाळच्या बोटीने परत, आणि दक्षिणेला क्लेअरमध्ये बरेन. मैलोन्‌मैल राखाडी चुनखडीचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. सतराव्या शतकात इंग्लंडहून चालून आलेल्या क्रॉमवेलच्या एका सेनानीने लिहून ठेवलं होतं की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. नाना म्हणाला, इंग्रजांनी टुरिझमची जाहिरात एकदाच केली ती ही. पण खाली वाकून बघितलं तर दगडाच्या फटीफटीत फुलं. आल्प्समध्ये उगवणारी आणि भूमध्य समुद्राकाठची फुलं इथे शेजारी शेजारी येतात. आणि गुरं हिवाळ्यात खाली न आणता वर डोंगरावर नेतात, कारण दगड उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो आणि पाणी झिरपून जातं म्हणून गुरांचे पाय कोरडे राहतात. सगळ्या जगाच्या उलटं. आमच्या सड्यावरही पावसाळ्यात फुलं येतात हे मी नानाला सांगितलं, त्याने नम्रपणे ऐकून घेतलं.

पुल्नाब्रोन बघितलं, पाच हजारांवर वर्षांपूर्वीचं दफनस्थान, उभ्या दगडांवर मोठी फरशी. फोटोत अवाढव्य दिसतं, प्रत्यक्षात माझ्यापेक्षा थोडंसं उंच.

मग मोहरचे कडे. २१४ मीटर उंच, आयर्लंडच्या प्रत्येक कॅलेंडरवर असणारे. काही म्हणजे काही दिसलं नाही. पांढरा पडदा. पक्ष्यांचे आवाज येत होते, त्यांच्या विष्ठेचा वास येत होता, पायाखाली लाटा आदळत होत्या, दिसत होती ती फक्त पुढच्या जर्मन काकांची पिवळी टोपी. पावसाळ्यात कोकणकड्यावर गेलेल्या माणसाला यात नवीन काही नाही पण अमेरिकन मंडळी फार खट्टू झाली. दीड तास थांबलो, उघडलं नाही. असा बारीक भुरभुर पाऊस आणि धुकं असलं की तिथे 'सॉफ्ट डे' म्हणतात, मऊ दिवस. छत्री नेऊ नका, पाऊस आडवा येतो आणि छत्री पाच मिनिटांत उलटी होते. चांगलं विंडचीटर, वॉटरप्रूफ बूट, आणि दोन जोड जास्तीचे मोजे, बस्स.

दिवस चौथा: शॅनन ओलांडून डिंगल

शॅनन नदीवर किलिमर ते टार्बर्ट फेरीबोट, व्हॅनसकट वीस मिनिटं. आता सांगा मी धोपावे-दाभोळ फेरीबोट आठवू नको तर काय करू? तीच ती पुढची लोखंडी फळी धाडकन खाली पडणं, तेच हात हलवत गाड्या लावून घेणारं पोरगं. इथे नदीच्या मुखाशी डॉल्फिनचा कायमचा मुक्काम असतो, आमच्याकडेही दिसतात. आम्हाला दोन दिसले, म्हणजे दोन पाठी दिसल्या.

डिंगल गोड गाव आहे, रंगीत दुकानं, बंदर, आणि एक पब असा की डावीकडच्या काउंटरवर खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे विकायला आणि उजवीकडे गिनेस बिअर. नवऱ्याने एक पाइंट आणि घरचा नळ गळतो म्हणून वॉशरचं एक पाकीट घेतलं. गावाच्या नावावरून इथे मोठा वाद झाला होता, २००५ मध्ये सरकारने नकाशावर आणि पाट्यांवर फक्त आयरिश नाव ठेवलं, लोक म्हणाले आम्हाला डिंगल पण पाहिजे, पाट्यांवर रात्री जाऊन रंगाने डिंगल लिहिलं, मतदान झालं. नाना हे फार रंगवून सांगत होता, नामांतराची भांडणं आम्हाला नवीन नाहीत हे त्याला सांगायला जीव झाला नाही.

रात्री बांगडा खाल्ला. तिथला मॅकरेल आपल्या बांगड्याचा भाऊबंद, जरा अंगाने सडपातळ, पाठीवर वळणदार काळ्या रेघा. लोण्यात भाजलेला, वर लिंबू. ताजा इतका की बोलायलाच नको, पण तिरफळं नाहीत आणि कोकमाचं आगळ नाही, त्यामुळे अर्धवटच वाटलं. मी हे मोठ्याने बोलले तर नवरा म्हणाला, झालं का सुरू.

दिवस पाचवा: डनक्विन, आणि न गेलेली बोट

या दिवसासाठी मी टूरला हो म्हटलं होतं. ग्रेट ब्लास्केट, ओसाड बेट, तिथे बोटीने जायचं होतं.

सकाळी स्ली हेडच्या रस्त्याने निघालो, वाटेत गॅलरस ओरेटरी, उपड्या होडीसारखं दगडी प्रार्थनाघर, चुन्याशिवाय रचलेलं आणि कित्येक शतकं झाली तरी आत कोरडं. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं वीस वर्षांत तीनदा वॉटरप्रूफिंग झालंय. डोंगरउतारावर गवताखाली समांतर वळ्या दिसत होत्या, वाफ्यांसारख्या. बटाट्याचे वाफे. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढच्या सात वर्षांत साधारण दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि डोंगरावरचे कित्येक वाफे तसेच राहिले, परत कोणी नांगर लावला नाही. १८४१ ला सगळ्या आयर्लंड बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती, ती अजूनही परत तिथे पोचलेली नाही.

डनक्विनच्या धक्क्यावर स्वच्छ ऊन. निळा समुद्र, समोर बेट इतकं जवळ की घरांच्या पडक्या भिंती मोजता येतील. आणि बोट रद्द. अमेरिकन काका भडकले, वारा नाही पाऊस नाही, रद्द कशी? नानाने काही न बोलता धक्क्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. पाणी शांत दिसत होतं पण दर मिनिटाला अख्खा समुद्र उचलल्यासारखा चार पायऱ्या वर यायचा आणि चार पायऱ्या खाली. लांब कुठेतरी झालेल्या वादळाचा फुगवटा. बेटाच्या बाजूला धड धक्काही नाही, छोट्या रबरी बोटीतून उतरावं लागतं. मला हे लगेच समजलं, नारळी पौर्णिमेच्या आधी ऊन असलं तरी आमच्याकडे होडी कोणी लोटत नाही.

मग धक्क्याच्या वर गवतात बसून डबा खाल्ला आणि नाना बोलत राहिला. बेटावर एके काळी पावणेदोनशेच्या घरात माणसं होती. डॉक्टर नाही, पाद्री नाही, दुकान नाही. तरुण पोरं अमेरिकेला, त्यातली बरीचशी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड या एकाच गावात. १९४७ च्या सुरुवातीला एक तरुण मुलगा मेंदूज्वराने गेला, वादळामुळे डॉक्टरच पोचू शकला नाही. त्याच वर्षी बेटावरून पंतप्रधानांना तार गेली, वादळात अडकलोय, खायला काही नाही. शेवटी १७ नोव्हेंबर १९५३ ला सरकारने उरलेल्या बावीस जणांना हलवायला घेतलं आणि त्या दिवशीही समुद्र खवळलेलाच होता, सगळ्यांना आणता आलं नाही.

एवढ्याशा बेटावरून किती पुस्तकं आली हे एक आश्चर्यच आहे, गावात त्याचं सुंदर म्युझियम आहे, बोट रद्द झाली तर तिथे दोन तास नक्की द्या. एका आजींचं आत्मचरित्र तर शाळेत सक्तीचं होतं. नानाला मी विचारलं वाचलंस का, तर त्याने असा चेहरा केला की आमच्याकडच्या पोरांचा व्याकरणाच्या तासाला होतो.

पूर्वी कोणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरी सगळं गाव जमायचं, गाणी, नाच, रडणं, पहाटेपर्यंत. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणायचे. वेक म्हणजे मेलेल्या माणसापाशी रात्र जागवणं. कारण गेलेला परत दिसणार नाही हे धरलेलंच असायचं, नंतर फक्त पत्र आणि आत डॉलर. मी नानाला चाकरमान्यांची गोष्ट सांगितली, मुंबईची मनीऑर्डर, कुलपं लावलेली घरं. पण आमचे गणपतीला येतात रे, म्हटलं, शिमग्याला येतात. त्याने दोनदा विचारलं, दर वर्षी? सगळे? मग बराच वेळ तो बेटाकडे बघत सँडविच खात राहिला.

(टीप: बेटावर जायचंच असेल तर डिंगलमध्ये एक दिवस राखीव ठेवा. टूरने बोटीचे पैसे परत केले, पण तो दिवस काही परत येत नाही.)

दिवस सहावा: केबल कारने बेटावर

लांबचा प्रवास, किलार्नी, केनमेअर करत बेअरा द्वीपकल्पाच्या टोकाला. डर्सी बेट. इथे बोट नाही, केबल कार आहे, आयर्लंडमधली एकुलती एक, १९६९ पासूनची. खाली प्रवाह इतका ओढीचा की होडीचा भरवसा नाही म्हणून तारेवरून पेटी. पेटीत सहा माणसं. पूर्वी यातून मेंढ्यासुद्धा जायच्या. आमचा नंबर लागायला तास गेला. दार बंद झाल्यावर पेटी हलली आणि जर्मन काकूंनी, ज्या सहा दिवसांत माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या असतील, माझा हात गच्च पकडला आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.

बेटावर कायमची राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. दुकान नाही, चहा नाही, पाणी बरोबर न्या. एक रस्ता, गवत, मेंढ्या आणि वारा. काही घरं नीट रंगवलेली, पडदे लावलेले, दाराला कुलूप, सुट्टीला येणाऱ्यांची. एका घराच्या खिडकीत आतल्या बाजूला प्लास्टिकची फुलं आणि मेरीची छोटी मूर्ती, धूळ न बसलेली. म्हणजे कोणीतरी येऊन पुसून जात असणार.

दिवस सातवा: अहाकिस्ता

बँट्रीला मुक्काम होता. सकाळी नाना म्हणाला की कॉर्कला जाण्याआधी थोडी वाकडी वाट करतो, ही जागा प्रोग्रॅममध्ये नाही, पण तुम्ही दोघं आहात आणि या कॅनडाच्या बाई आहेत म्हणून.

शीप्स हेडच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता हे चिमुकलं गाव. रस्त्याला लागून पाण्याच्या काठी एक छोटी बाग, सूर्यघड्याळ, आणि भिंतीवर नावं. ३२९. एअर इंडियाचं कनिष्क, २३ जून १९८५. मॉन्ट्रियलहून लंडन, पुढे दिल्ली-मुंबईला येणारं विमान या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटाने पडलं. मी तेव्हा दहावी होऊन नुकती कॉलेजला जाणार होते, पेपरातला तो फोटो आठवतो. जवळजवळ दोनशे जण समुद्रातच राहिले. नातेवाईक कॉर्कला आले तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना घरात घेतलं, आणि पुढच्याच वर्षी हे स्मारक उभं राहिलं. तेव्हापासून दर वर्षी २३ जूनला सकाळी इथे माणसं जमतात, गावातली आणि नातेवाईक. आम्ही गेलो तेव्हा तो दिवस नुकताच होऊन गेला होता. फुलं होती, अजून पूर्ण सुकलेली नव्हती.

मी आडनावं वाचायला लागले, मराठी कोणतं दिसतंय का बघत, आणि मग मलाच कसंतरी झालं, थांबले.

कॅनडाच्या बाई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, यातले बहुतेक आमचेच नागरिक होते, पण त्या वेळी आमच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो तुमच्या पंतप्रधानांना. आम्ही कित्येक वर्षं हे दुसऱ्या कोणाचं तरी दुःख म्हणून बघितलं. माझ्या शाळेत भारतीय मुलं होती, मी त्यांना कधी काही विचारलंसुद्धा नाही. यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.

पलीकडच्या घरातून एक आजोबा कुत्रा घेऊन आले, आमच्याकडे बघून टोपीला हात लावला, बागेतला वाऱ्याने उडालेला फुलांचा एक गुच्छ उचलून परत भिंतीपाशी टेकवून ठेवला आणि गेले.

कॉर्कला दुपारी पोचलो. टूर इथे संपते, नानाला टिप दिली (सक्ती नाही, पण सगळ्यांनी दिली), मी त्याला आमचा लाडवांचा उरलेला डबा दिला. लेक स्टेशनवर घ्यायला आली होती, ट्रेनने अडीच तास डब्लिन.

जाताजाता एक खरेदीची टीप: स्वेटर घ्यायचा तर बेटावर हाताने विणलेलाच घ्या, महाग आहे, पण मशीनचा डब्लिनमध्येही मिळतो. आणि डिलिस्क म्हणून सुकवलेलं लालसर शेवाळ मिळतं, लोक चिप्ससारखं चघळतात. मी दोन पाकिटं आणली, बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना वास लागला तो लागलाच. एक गुहागरला आईला नेऊन दिलं. तिने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली, एवढ्या लांबून आणलंस, त्यापेक्षा सुकट बरी.